घरच्यांसाठी आठवं मूळ

शिचाओ, १२ मार्च १९८३

आछिन,

तुझं पत्र मिळालं. पहिलं दीड पान माझ्या गुडघ्यांची चौकशी आहे, म्हणजे पुढे काहीतरी मागणं येणार हे मी तिथेच ओळखलं. लहानपणापासून तुझी हीच तऱ्हा. आधी मामाचे पाय चेपायचे आणि मग हळूच बरणीतली खारवलेली जर्दाळू मागायची.

तर तुझ्या संस्थेला आपल्या घरचा काविळीचा काढा तपासायचा आहे. तुम्ही आधी उंदरांना रसायन टोचून त्यांचं यकृत बिघडवणार आणि मग माझ्या काढ्याने ते सुधारतं का ते बघणार. चांगला उद्योग आहे. माझ्याकडे लोक स्वतःच बिघडून येतात, तेवढी एक मेहनत वाचते. मेंग घराण्याचा काढा उंदरांना पाजणार हे ऐकून तुझ्या आजोबांनी जेवण सोडलं असतं. पण तू माझ्या बहिणीची मुलगी, तुला नाही कसं म्हणू?

सोबतच्या कागदावर सातही औषधं मापांसकट लिहिली आहेत. रेवाचिनी शेवटी घालायची, आधी घातलीस तर तिचा जोर जातो. यिनछन मात्र बाजारातलं घेऊ नकोस. दवण्याच्या जातीचं असलं म्हणून काय झालं, वसंतात वीतभर असतानाच ते औषध असतं, पुढे नुसतं सरपण. या पुडीतलं यिनछन सूनबाईने, हेशियांगने, कालव्याच्या बांधावर बसून एकेक कोंब खुडून आणलंय. माझा मुलगा खताच्या कारखान्यात रमला, वैद्यकी काय ती आता या सुनेच्याच हाताला येतेय.

तू औषधं शिकायला का गेलीस हे तू कधी बोलली नाहीस, पण मला माहीत आहे. तुझी आई काविळीने गेली तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. मेंग घराला कावीळ जडच होते. बाहेरच्यांना आम्ही महिन्यात उभं करतो, आणि आमचे वडील, थोरली वहिनी, तुझी आई, सगळी पोट फुगून गेली. रक्तातच काही असावं. तुझ्या उंदरांना ते सापडलं तर बघ.

काढा उकळून उरलेला चोथा मात्र फाटकाबाहेर रस्त्यावर टाक. लोकांनी तुडवला की रोग निघून जातो. शिवाय वाटेने एखादा जाणता वैद्य गेला, तर चोथा बघून चूक असेल ती सांगतो. तुमच्या संस्थेत तर वैद्यांची काही कमी नाही.

तुझा मामा,
मेंग जिंगथांग

---

हफेई, २ जून १९८३

मामांना आछिनचा नमस्कार,

बातमी चांगली आहे, म्हणून या वेळी गुडघ्यांची चौकशी शेवटी करते.

चाळीस उंदीर होते. दहांना काहीच केलं नाही, तीसांचं यकृत बिघडवलं. त्यातल्या दहांना नुसतं पाणी दिलं, दहांना तुमचा काढा पातळ, दहांना घट्ट. घट्ट काढ्याच्या उंदरांचं रक्त दहाव्या दिवशी जवळजवळ निरोगी उंदरांसारखं आलं. यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतः पाहिले, तीन वेळा पाहिले. माझा विश्वासच बसत नव्हता. आमचे विभागप्रमुख पांग म्हणाले की इतका साफ निकाल त्यांनी गेल्या पाच वर्षांत पाहिला नाही. आणि पांग कौतुक करताना पदरचे पैसे खर्च केल्यासारखं करतात.

अहवाल माझ्या नावाने छापायचा ठरलाय. जिल्ह्याच्या औषध कारखान्याला काढा बाटलीत भरायचा आहे, तेही माझ्या अहवालावर. त्यात दोन वाक्यं तुमच्या शिक्क्यानिशी लागतील. एक, ही मेंग घराण्याची पूर्ण कृती आहे आणि काही वगळलेलं नाही. दुसरं, तीन पिढ्या घरच्या माणसांनाही हाच काढा दिला गेला आहे आणि त्याचा त्रास कुणाला झालेला नाही. कागद पाठवते आहे. तुम्ही सातही लिहून दिलीत, म्हणून मी खाली माझी सही आधीच केली आहे.

आईच्या फोटोपुढे काल चहा ठेवला आणि तिला सांगितलं की मामाचा काढा खरा निघाला.

गुडघे कसे आहेत?

आछिन

---

शिचाओ, २० जून १९८३

आछिन,

शिक्का मारून कागद परत पाठवतो आहे. लाल शाई थोडी फिसकटली. वय झालं, हात थरथरतो.

चहाच्या दुकानात बातमी कशी पोहोचली ते विचारू नकोस. मीच पोहोचवली. शेजारचा बाओ आता मला 'उंदरांचे राजवैद्य' म्हणतो. याच्या बापाला छत्तीस साली मी स्वतः काढा देऊन उठवला होता, तो पुढे चाळीस वर्षं जगला. पण उपकार मानणं त्या घरात कुणाला येतच नाही.

नुसत्या सातांनी जर एवढं होतं तर... असो. पाऊस फार आहे, यिनछनला बुरशी लागू नये म्हणून हेशियांग दिवसभर टोपल्या आत-बाहेर करते आहे.

तुझा मामा

---

शिचाओ, ९ ऑक्टोबर १९८३

आछिन,

छापील अहवाल मिळाला. त्यात माझं नाव आहे आणि नावाखाली 'पूर्ण कृती' असं लिहिलं आहे. गेले सोळा दिवस मी तो उशाशी घेऊन झोपतो आहे आणि झोप लागत नाही. आता लिहूनच टाकतो. हे वाचशील तेव्हा उठून दार लावून घे.

औषधं सात नाहीत, आठ आहेत.

आमच्याकडे नेम असा, की दुकानातून जाणाऱ्या पुडीत सात. आठवं घरच्यांसाठी. ते मागच्या अंगणात बोरीखाली लावलेलं आहे, पानं शेवंतीसारखी, फूल पिवळं, औषध म्हणजे त्याचं मूळ. तुझ्या पणजोबांनी कुठून तरी आणलं. त्याला आम्ही नाव घेऊन बोलतही नाही, 'घरचं' म्हणतो. बाहेरच्या कुणाला पूर्ण कृती कळू नये म्हणून आठांच्या काढ्याचा चोथासुद्धा कधी रस्त्यावर टाकला नाही. तिथेच बोरीखाली पुरतो.

तू विचारशील, मी बाहेरची का? आछिन, नेमाप्रमाणे हो. बहिणीची मुलगी दुसऱ्या आडनावाची. तुझा कागद लिहायला बसलो तेव्हा सातव्या औषधाशी हात आपोआप थांबला. वडिलांनी लावलेली सवय. मग तू पूर्ण-अपूर्ण विचारलंस, आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस शिक्का मारून खोटं बोलला. हात वयाने थरथरत नव्हता.

एकदाच मी नेम मोडला होता. तुझ्या आईसाठी. लग्न होऊन गेलेली म्हणजे तीही बाहेरचीच, वडील असते तर त्यांनी सातच दिले असते. मी तिला आठांचा काढा नेऊन दिला. तरी ती वाचली नाही, पण माझ्याकडून मी राखून ठेवलं नाही, एवढंच समाधान आजवर होतं.

पुडीत मूळ आहे. साताने जर तुझे उंदीर उठले, तर आठाने नाचतील. पूर्ण कृती तुझ्या नावाने जाऊ दे, मला तेवढी तरी भरपाई करू दे. या म्हाताऱ्याला माफ कर असं लिहायची लाज वाटते, म्हणून लिहीत नाही.

मामा

---

हफेई, २६ ऑक्टोबर १९८३

मामा,

दार लावून वाचलं.

तुम्ही शिक्का मारलात त्याच्याखाली माझी सही आहे. कारखान्यात बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यासुद्धा छापून झाल्या. आता मी पांगना काय सांगू? की माझ्या मामाने मला परकी धरलं? हे तोंडातून काढायचं तरी कसं?

आई गेल्यावर दर उन्हाळा मी तुमच्या घरी काढला. हेशियांग बसते त्याच उंबऱ्यावर बसून मी यिनछन निवडलं आहे. मी बाहेरची आहे हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर निदान इतकं यिनछन तरी निवडलं नसतं.

सध्या कुणालाच काही सांगणार नाही. मूळ माझ्या वेळात, माझ्या उंदरांवर तपासते. निकाल चांगला आला की 'सुधारित कृती' म्हणून नवा अहवाल लिहिता येईल आणि जुन्याचं कुणाला काही वाटणार नाही. हे लिहितानाही मला बरं वाटत नाहीये.

एक सांगा. आईने ते किती दिवस घेतलं?

आछिन

---

शिचाओ, ८ नोव्हेंबर १९८३

आछिन,

चाळीस दिवस. तुमचं गाव पंधरा ली लांब, चांगली दोन तासांची चाल. काढा सांडू नये म्हणून मडकं रजईच्या कापसात बसवून टोपलीतून न्यायचो. पहिले दहा दिवस तिने सातांचा घेतला होता, तुझ्या वडिलांनी दुकानातून नेलेला, आणि तिला थोडी भूक लागायला लागली होती. मग मला राहवलं नाही. भूक लागली म्हणजे आता जोराचं द्यावं, असं वाटलं. ती म्हणायची, दादा, हा फार कडू आहे. मी म्हणायचो, घरचं आहे, गपचूप पी.

उंबऱ्यावरचं जे लिहिलंस ते हेशियांगने वाचलं. तिने मला त्या दिवशी जेवायला वाढलं आणि स्वतःचा वाडगा घेऊन अंगणात गेली. ठीकच केलं.

मामा

---

हफेई, २० डिसेंबर १९८३

मामांना नमस्कार,

उत्तराला उशीर झाला. इथे थंडी फार पडली. उंदरांच्या खोलीची खिडकी फुटलेली होती, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आठव्या मुळाच्या चाचणीतले बरेच उंदीर थंडीने गेले. त्यामुळे त्यावरून काही म्हणता येत नाही. वसंतात पुन्हा पहिल्यापासून करीन.

तोवर ते मूळ काढून वापरू नका. चाचणीला पुरेसं राहायला हवं. सगळ्यांना सातच द्या, सातांचा निकाल हाताशी आहेच.

वसंतोत्सवाला, नव्या वर्षाच्या सुट्टीत, येईन म्हणते आहे, जमलं तर. हेशियांगला खोकल्यासाठी नासपतीचा पाक पाठवला आहे.

आछिन

---

शिचाओ, ८ जानेवारी १९८४

आछिन,

खिडकी फुटलेली दिसली नाही? चाळीस उंदरांचं रक्त तपासणारी माणसं तुम्ही, आणि एक खिडकी दिसत नाही! बाओला सांगितलं तर तो म्हणाला, राजवैद्यांनी उंदरांना अस्तराचे अंगरखे शिवून द्यायला हवे होते.

पाक पोहोचला, पण हेशियांगला सध्या गोड चालत नाही. तुझं पत्र पंचवीस तारखेला आलं आणि सत्तावीसला सकाळी पेज वाढताना मला तिचे डोळे पिवळे दिसले. कारखान्याच्या वसाहतीत काविळीची साथ आहे, तिथूनच आली असावी. तू अजिबात काळजी करू नकोस. तिला मी त्याच दिवशी आठांचा सुरू केला. वहिनीच्या आणि तुझ्या आईच्या वेळी माप कमी पडलं असावं असं माझ्या मनात कितीतरी वर्षं आहे, म्हणून या वेळी मूळ दुप्पट घालतो. तुझ्या उंदरांसाठी दोन झाडं वेगळी राखून ठेवली आहेत, तू सांगितलंस तसं.

तुझं ते उंबऱ्यावरचं पत्र वाचल्यावर मी ठरवलं होतं, या घरात आता कुणाला बाहेरचं म्हणायचं नाही. सून दुसऱ्या आडनावाची, नेमाप्रमाणे मुलगा झाल्यावरच घरची होते, वहिनी झाली तशी, पण माझी विद्या तीच पुढे नेणार. तिला पहिला वाडगा दिला तेव्हा म्हणालो, आजपासून तू घरची. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

डोळ्यांचा पिवळेपणा अजून उतरला नाही. कालपासून पोट जरा ताठरल्यासारखं वाटतं. तुला माहीतच आहे, आपल्या घराला ही जडच होते.

मामा

---

तार. हफेई, १३ जानेवारी १९८४

आठवं मूळ ताबडतोब बंद. एक घोटही नको. हेशियांगला आजच जिल्ह्याच्या इस्पितळात न्या. निघाले. आछिन

---

हफेई, २ फेब्रुवारी १९८४

मामा,

इस्पितळाच्या बाकावर तुम्ही मला एकच गोष्ट विचारलीत. "तुला हे कळलं कधी?" मी म्हणाले, "तुमचं पत्र आलं त्या दिवशी." तुम्ही मान हलवलीत आणि हेशियांगच्या पायांवरची रजई सारखी केलीत. त्यानंतरचे पाच दिवस तुम्ही मला वाफाळता चहा आणून देत होता, आछिन वेळेवर आली म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. मी ते ऐकून घेतलं.

मी वेळेवर आले नव्हते. मला चौदा डिसेंबरला कळलं होतं.

खिडकी फुटलेली नव्हती. बारा उंदरांना साताचा काढा दिला होता, बारांना आठाचा. साताचे बाराही नीट होते. आठाच्या बारांपैकी सात मेले. त्यांची पोटं पाण्याने भरलेली होती. उरलेल्यांचं यकृत कापून पाहिलं, तर रक्ताच्या बारीक वाटा बुजलेल्या, पाणी पिणाऱ्या उंदरांपेक्षाही वाईट. माझा विश्वास बसला नाही म्हणून पाच निरोगी उंदरांना नुसतं मूळ दिलं. त्यांचीही तीच गत. आमच्याकडच्या वनस्पतीवाल्यांना पान दाखवलं. ते म्हणाले, हे झाड खेड्यापाड्यांत घरोघरी लावतात, मुका मार लागला की लोक मूळ दारूत घालून पितात, आणि यकृताला ते फार वाईट आहे असा त्यांना बरेच दिवस संशय आहे. मामा, घराला कावीळ जड होत नव्हती. थोरल्या मामी तर मेंगांच्या रक्ताच्याही नव्हत्या. मी हे मार्चमध्येच विचारायला हवं होतं.

हे सगळं हातात असताना वीस तारखेला मी तुम्हाला थंडीचं लिहिलं. तुम्हाला धक्का बसू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. तुम्ही टोपलीतून नेलेलं ते मडकं डोळ्यांपुढून जात नव्हतं, आणि तुमचं तेवढं एक समाधान मी कसं हिरावून घेऊ, असं वाटत होतं. हे खरं आहे. पण अर्धंच. खरं लिहिलं असतं तर अहवालातली ती दोन वाक्यं खोटी आहेत हेही बाहेर आलं असतं, आणि जानेवारीत माझ्या बढतीची बैठक होती. बढती मला मिळाली. तुम्ही अभिनंदनाची अंडी उकडून लाल रंगवली होतीत ना, ती याचीच.

पंचवीसला तुमच्या हातात खरं पत्र पडलं असतं, तर हेशियांगला एक वाडगासुद्धा मिळाला नसता. सतरा दिवस मिळाला, दुप्पट मापाने, आणि 'मूळ राखून ठेवा' असं मीच लिहिलेलं, म्हणून तुम्ही माझ्या उंदरांसाठी दोन झाडं राखलीत. हेशियांग मला गाडीवर सोडायला निघाली होती, पण तिला उठता येईना. मला म्हणाली, ताई, तुझ्यामुळे वाचले. मी पिशवी उचलली आणि निघाले. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

अहवाल मागे घ्यायचा अर्ज लिहून ठेवला आहे. त्या मुळाबद्दलही लिहिलं आहे, कारण ते झाड फक्त तुमच्याच अंगणात नाही. पण अर्ज अजून माझ्या खणात आहे. रोज सकाळी काढते, वाचते आणि परत ठेवते.

तुम्ही मला उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल.

आछिन

---

शिचाओ, ८ एप्रिल १९८४

आछिन,

दोन महिने लिहिलं नाही. रागाने नाही. लेखणी उचलली की काय लिहायचं ते सुचायचं नाही.

हेशियांग तेवीस फेब्रुवारीला घरी आली. पोट उतरलं आहे, भात दोन वाटी जातो. महिन्यातून एकदा इस्पितळात दाखवायचं आहे. डॉक्टर म्हणतात, यकृत पूर्वीसारखं होईल असं सांगता येत नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, सगळं, तारखांसकट. तिने भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी म्हणाली, "ताईंना लिहा, त्यांनी निदान तार तरी केली. बाबा, तुम्ही तर दुप्पट केलंत." ती हे चिडून म्हणाली नाही. चिडून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

तू तुझे सतरा दिवस मोजलेस आणि स्वतःची किळस आली म्हणालीस. मी काय काय मोजू? आठांचा काढा घेतलेली माणसं मी आठवून पाहिली. वडील, चुलते, वहिनी, माझा धाकटा भाऊ, तुझी आई. पाच. पाचांतलं एकही उरलं नाही. साताची पुडी नेणारं निम्मं शिचाओ अजून चहाच्या दुकानात बसून माझी टिंगल करतंय. तुझे उंदीर कशाला हवे होते? हे माझ्या डोळ्यांपुढे पन्नास वर्षं होतं. पण चोथा आम्ही पुरत आलो. कुणी बघून चूक सांगायची सोयच ठेवली नाही.

छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, तुझ्या आईच्या थडग्यावर गेलो. एकटाच गेलो, पंधरा ली, बसने नाही. गवत काढलं, माती सारखी केली, तिच्या आवडीचे हिरव्या रसाचे लाडू ठेवले. बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं, "धाकटे, तू कडू आहे म्हणत होतीस." मग टोपली उचलली आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी अंगणातली सगळी झाडं मुळांसकट उपटली, तुझ्यासाठी राखलेली दोन्हीसुद्धा. बोरीखालची जमीन खणून जितका चोथा सापडला तितका काढला, काळा पडलेला, मातीच झालेला. झाडं आणि चोथा, टोपल्या भरून दुकानासमोर भर रस्त्यात ओतल्या आणि शेजारी स्टूल टाकून बसलो. बाजाराचा दिवस होता. लोक रिवाजाप्रमाणे तुडवायला पुढे यायचे, त्यांना मी म्हणायचो, तुडवू नका, बघा. हे पान ओळखून ठेवा. ज्यांच्या घरी असेल त्यांनी उपटा. आम्ही हे तीन पिढ्या घरच्यांना देत आलो आणि घरची माणसं मारत आलो. बाहेरच्यांना देत नव्हतो.

दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. बाओ आला. पान उलटंपालटं करून पाहिलं. मग त्याने विचारलं, "म्हणजे माझ्या बापाला तू तेव्हा अर्धवटच औषध दिलं होतंस?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तुम्ही बाहेरचे होता म्हणून."

मला वाटलं, तो थुंकेल. तो चांगलं मोठ्याने हसला आणि म्हणाला, "मग जिंगथांग, आमच्यावर तुझे उपकारच झाले." आणि चहाला निघून गेला. बाओच्या घरातल्या माणसाने माझे उपकार मानले ते असे. आछिन, मी आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली, पण असं कधी लागलं नव्हतं. संध्याकाळी हेशियांग काठी टेकत बाहेर आली, माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसली, आणि अंधार पडेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला तिने पान दाखवलं. मी आत जा म्हटलं, तर गेली नाही.

आता तुझा अर्ज. तो खणातून काढ आणि हे पत्र त्याला जोड. शिक्का मारून पाठवतो आहे, या वेळी शाई फिसकटलेली नाही. तुझी बढती जाईल, कदाचित नोकरीही जाईल. जाऊ दे. इथे यिनछनचे दिवस संपले, पण निवडायचं पुष्कळ उरलं आहे, आणि उंबऱ्यावर दोघींना पुरेल इतकी जागा आहे.

एक मात्र तुझ्या पांगांना माझ्या शब्दांत सांग. मला बहीण एकच होती. लग्न होऊन ती परक्या घरची झाली होती, आणि नेमाप्रमाणे तिला सातच द्यायचे होते. सातांनी तिला भूक लागायला लागली होती. मी तिला बाहेरची मानलं असतं, तर ती वाचली असती.

मामा